सिस्टर आणि बंगल्यातला आहाराचा तक्ता

सिस्टरना ‘अंदाजे’ हा शब्द खपत नसे. ताप अंदाजे किती असेल, असं कुणी विचारलं की त्या थर्मामीटर पुढे करायच्या. लोणावळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी तेव्हा कंपाउंडर होतो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा पुण्याहून येत. बाकीचे दिवस दवाखाना सिस्टरच चालवत.

त्यांचे वडील देहूरोडला लष्करी डेपोत कामाला होते. छप्पन साली घराने बुद्धधर्म स्वीकारला, तेव्हा सिस्टर शाळेत होत्या. औषधांची रंगीत जाहिरातपत्रकं बाजूला सारताना म्हणायच्या, “आम्ही देव्हारा सोडला, तो छापील कागदाची पूजा करायला नव्हे.”

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. मळवलीच्या एका बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या पारूमावशींना बैलगाडीतून आणलं. अंग घामाने थबथबलेलं, हातपाय थरथरत होते. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. रक्तातली साखर पार उतरली होती; सिस्टरनी लगेच साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासाने मावशी नीट बोलू लागल्या.

“मावशी, सकाळपासून काय खाल्लंत?”

“भाजीचा पाला. आज आठ दिस झालं. बाईसाहेब म्हनल्या, भात-भाकर इख हाय, तू लय सुटलीस, तूबी सोड.”

“मग अंडी, मटण काही?”

“ते त्यांच्यासाठी. म्या रांधते फकस्त.”

सिस्टरनी त्यांना भात खाऊ घातला, संध्याकाळपर्यंत खाटेवरून उठू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बॅग माझ्या हातात देऊन त्या मळवलीला निघाल्या.

बंगल्याच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी कौतुकाने तक्ता दाखवला. अमेरिकेतल्या पुस्तकावरून टाइप केलेला, चार टप्प्यांचा. पहिले दोन आठवडे भात, पोळी, साखर, फळं बंद. मांस, अंडी, लोणी हवं तेवढं. मग एकेक पदार्थ थोडाथोडा परत घ्यायचा आणि शेवटचा टप्पा जन्मभर पाळायचा. सिस्टरनी तो उभ्याउभ्या पूर्ण वाचला; मी बॅग घेऊन त्यांच्या मागेच उभा होतो.

“माझं नऊ पौंड वजन उतरलं, सिस्टर.”

“उतरलं असेल. सुरुवातीला बरंचसं पाणीच जातं. पुढे किती टिकतं, ते वर्षाने काट्यावर बघू. तुम्ही धडधाकट आहात, हौस करा. पण साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या बाईचा भात डॉक्टरांना न विचारता तोडलात?”

“तिच्या भल्यासाठीच सांगितलं.”

“तक्त्यातलं ‘बंद’ तेवढं तिला सांगितलंत. ‘खा’ लिहिलंय ते तुमच्या ताटात. ती मेली असती.”

आवाज चढला नव्हता, पण बाईंचा चेहरा उतरला. त्यांचे यजमान दवाखान्याचे विश्वस्त होते.

आठवड्याभरात आम्हाला विश्वस्तांच्या कार्यालयात बोलावलं. सिस्टर उद्धटपणे बोलल्या, त्यांनी धमकावलं, अशी तक्रार होती. मला विचारलं, “तुम्ही तिथेच होता ना?” मी म्हणालो, “मी फाटकाशी थांबलो होतो, काही ऐकू आलं नाही.”

सिस्टर माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. महिनाअखेर त्यांना कामावरून कमी केलं. मरता मरता वाचलेल्या पारूमावशींचं नावसुद्धा त्या चौकशीत निघालं नाही. आजही ते आठवलं की मस्तक तडकतं, आणि रागाचा निम्मा वाटा माझ्याकडे येतो.

जाण्याच्या दिवशी मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मला थांबवलं.

“ते राहू द्या. पारूमावशींची गोळी डॉक्टरांनी अर्धी केलीय. दर सोमवारी त्यांच्या लघवीतली साखर तपासा. त्या येणार नाहीत, बंगल्यावरून त्यांना काम टाकून येऊ देणार नाहीत. तुम्ही जा.”

मी गेलो. बंगल्याच्या मागच्या दाराने, पारूमावशी होत्या तोवर, दर सोमवारी.