टँकरच्या पाळ्या आणि रिकामे $a-$b

त्या उन्हाळ्यात बुलढाण्यातल्या एका खाजगी टँकर सेवेत मी गावांच्या पाळ्या लावत असे. नियम एकच: ज्यांना पाणी मिळून जास्त दिवस झाले, त्यांचा टँकर आधी. हा क्रम पर्ल या संगणकभाषेत लिहिलेला एक जुना प्रोग्राम रोज सकाळी लावून द्यायचा. मी यादी छापून चालकांच्या हातात द्यायची, की गाड्या सुटायच्या.

मग आमच्या प्रोग्रामरने कोडची आवराआवर काढली. कोणाची पाळी आधी हे ठरवणारा भाग त्याने वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या पॅकेजमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या कप्प्यात हलवला. मला ते पटलं. वस्तू आपापल्या जागी असाव्यात. स्क्रीनवर इशाऱ्यांच्या ओळी येऊ लागल्या, तेव्हा कटकट नको म्हणून त्याने त्या बंद केल्या. यादी निघत राहिली.

दुसरबीडजवळच्या एका वस्तीवरच्या बाईचा फोन रोज येऊ लागला. पाळी येईल, असं मी रोज सांगत होते. एके सकाळी तिचा आवाज फारच खोल गेला होता.

"मॅडम, खदानीतलं पाणी पिऊन राह्यलो आम्ही. लेकरं ओकून राह्यले. आमचा नंबर काऊन लागत नाही?"

मी आधीच्या दिवसांच्या याद्या काढल्या. क्रम रोज तोच, नोंदणी झाली त्या ओळीने. वस्तीची नोंदणी सर्वांत शेवटी झाली होती आणि तिथवर पोचण्याआधीच रोज फेऱ्या संपत होत्या.

प्रोग्राम बिघडलाय, असं सांगितल्यावर प्रोग्रामर हसला. "उन्हातून आल्या काय, मॅडम? माझ्या प्रोग्रामले ताप येत नसते."

मी याद्या त्याच्यासमोर ठेवल्या. त्याचं हसू गेलं.

पर्लचा सॉर्ट, म्हणजे क्रम लावणारा भाग, दोन-दोन नोंदी उचलून $a आणि $b नावाच्या खणांत ठेवतो, पण ज्या पॅकेजमधून त्याला बोलावलं, त्याच पॅकेजच्या. तुलना आता दुसऱ्या पॅकेजमध्ये होती. ती तिथले $a आणि $b बघत होती आणि ते रिकामे होते. रिकामं आणि रिकामं सारखंच, म्हणून कोणीच जागचं हललं नाही. प्रोग्राम थांबला नाही, आणि इशारे बंद असल्याने तक्रारही करू शकला नाही.

त्याने तुलना परत मूळ फाइलमध्ये आणली. वस्ती सर्वांत वर आली. टँकर लगेच पाठवला आणि बाईला फोन लावला. तिने उचलला नाही.

दुपारी चालकाचा फोन आला. "घराघराले कुलूप हाय, मॅडम. शेतातला गडी म्हणते, सगळे दवाखान्यात गेले. टाकी भरू का?"

भर म्हटलं, आणि पुन्हा तिचा नंबर फिरवला. नुसता वाजत राहिला.