पदराआडचं तोंड

लग्न झालं की पुटकुळ्या जातात, असं मी वयात आल्यापासून ऐकत होते. माझ्या गेल्याही. मग दोन लेकरं झाली, तिशी जवळ आली, आणि मेल्या परत आल्या. आता कपाळावर नाहीत. हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं, आतल्या आत ठसठसणाऱ्या. पाळी जवळ आली की जास्तच. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. सासूबाई म्हणाल्या, "आंगात उष्णता हाय. गूळ बंद कर." आमचं गाव कराडजवळ, ऊस घरचा, गुऱ्हाळ घरचं. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास गल्लीभर सुटायचा आणि मी कोरडी भाकरी मोडत बसायची. जायफळ उगाळलं, कडुलिंबाचा पाला वाटून लावला, तुरटी फिरवली. काही उपयोग नाही. राग तर असा यायचा, पण काढायचा कुणावर?

आमचे हे मिलिटरीत. वर्षातून एकदा दोन महिन्यांची रजा. मागच्या रजेत यांच्या मांडीला खाज सुटली होती, म्हणून पलटणीच्या दवाखान्यातली मलमाची नळी सोबत आणली होती. जाताना ती कोनाड्यात विसरले. एकदा वैतागून मी तेच मलम तोंडाला फासलं. चार दिवसांत हनुवटी साफ. मग काय, रोज लावायला लागले. नळी संपत आली तसा गावातल्या एका जवानाकडं यांना निरोप धाडला, की तसलं मलम आणखी आणा. कशाला, ते सांगितलं नाही. लाज वाटली.

पण पुढं पुढं एक दिवस लावलं नाही तरी तोंड पेटायचं. आग व्हायची, बारीक फोड उठायचे. लावलं की शांत.

दिवाळी झाली आणि सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. त्या डोळ्यांच्या रांगेत बसल्या. मी पाणी पिऊन येते म्हणून उठले आणि कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं शिरले. बाईंनी माझं तोंड खिडकीकडं वळवलं. "काय लावता?" मी कमरेला खोचलेली नळी काढून दिली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"हे खाजेचं आहे, तोंडाला लावायचं नव्हे. पुटकुळ्या दाबून ठेवतं आणि कातडी पातळ करतं. आजपासून बंद."

गुळाचं विचारलं तर म्हणाल्या, गुळानं काही होत नाही, खुशाल खा. बायकांना तिशीतही येतात, पाळीच्या मागंपुढं शरीरात फरक पडतो त्यानं येतात. साध्या साबणानं धुवायचं, घासायचं नाही, फोडायचं नाही, डोक्याचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही. दिवस गेलेत का विचारून गोळ्या दिल्या, लावायला गंधकाचं औषध दिलं. या दुखण्याचं नाव त्यांनी तारुण्यपीटिका सांगितलं. दोन लेकरांची आई मी, कसलं डोंबलाचं तारुण्य.

"मलम सोडलं की आधी महिना-दीड महिना बिघडेल," त्या म्हणाल्या. "मग उतरेल. धीर सोडू नका."

आणि यांची रजा पंधरवड्यावर आलेली.

परतीच्या गाडीत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वर्षाकाठी दोन महिने नवरा मिळतो, त्याच्यापुढं असलं तोंड घेऊन उभं राहायचं? रजा होईपर्यंत लावावं, मग सोडावं, असं दहादा ठरवलं आणि मोडलं. घरी आल्यावर नळी कोनाड्यात ठेवायची, पुन्हा काढायची. भाकरी करपायला लागल्या. शेवटी एका सकाळी शेण टाकायला गेले तेव्हा ती नळी उकिरड्यात खोल पुरून आले, आणि दिवसभर तिकडं जायची ओढ लागली.

तोंड पेटलं ते पेटलंच. मी पदर नाकापर्यंत ओढला. सासूबाईंना वाटलं, सुनेला अक्कल आली. शेजारणीला सांगायच्या, "आमची सून लय मर्यादेची. पदर हलू देत न्हाई." मी आत दातओठ खात भांडी घासायची.

हे आले. तीन दिवस मी तशीच वावरले. ताट वाढायचं तेही पाठमोरं. चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई रानात गेल्या होत्या. यांनी ट्रंक उघडली आणि टॉवेलात गुंडाळलेल्या मलमाच्या नळ्या माझ्यापुढं ठेवल्या.

"निरोप धाडलातास. कंपाउंडर देईना, लय मनधरणी केली त्याची. आता तरी रुसवा सोड. आलो तवापास्नं तोंड दावलं न्हाईस. माझं काय चुकलं?"

मी पदर मागं सारला.

"बघा. तुमच्या या मलमानंच झालंय."

मी मिरजेचं सगळं सांगितलं. त्यांनी नळ्या उचलून परत टॉवेलात बांधल्या. मग म्हणाले, "लय दुखतंय व्हय गं?"

उष्णता, गूळ, पथ्य, मर्यादा, सगळ्यांनी सगळं काढलं होतं. दुखतंय का, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी ढसाढसा रडले.

संध्याकाळी हे गुऱ्हाळावरून तांब्याभर काकवी घेऊन आले आणि आईसमोर माझ्या ताटात ओतली. सासूबाई म्हणाल्या, "आरं, उष्णता हाय तिला."

"आये, खाऊ दे."

मी पदर खांद्यावर टाकला आणि काकवीत भाकरी चुरली.