चंद्रीचा माग

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढं सांगताना मला लाज वाटणार आहे. सांगवीच्या शाळेत तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, की चूक झाली की मन आतून टोचतं, त्याचं ऐकावं. निवृत्त झालो, पण बोलायची खोड काही जाईना.

त्या सकाळी फिरायला निघालो, तर शेजारच्या ज्ञानबाच्या रानातला लसूणघासाचा हिरवा चारा कुणाच्या तरी जनावरानं फस्त केलेला. ज्ञानबा माझा चौथीतला विद्यार्थी, आता पन्नाशीला आलाय. तो काहीतरी सांगायला पुढं आला, पण माझं डोकं आधीच तापलेलं. तेवढ्यात सोपान मेंढरं घेऊन बांधावरनं निघाला होता. झालं! त्याला तिथंच धरला. तुझीच मेंढरं शिरली असणार, दुसऱ्याच्या रानात चारताना तुला काहीच कसं वाटत नाही, असं बरंच काही सुनावलं.

सोपान खाली वाकला, मातीतले खुरांचे ठसे बघितले आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, हा माग म्हशीचा हाय."

माफी मागायची सोडून मी काय केलं असेल? काठी घेतली आणि म्हशीचा माग काढत निघालो! ज्ञानबा मागनं म्हणतोय, गुरुजी, जाऊ द्या, चहा घेऊ. मी म्हटलं, "ज्ञानबा, अन्यायाला चहा पाजायचा नसतो." इतकं झकास वाक्य मला वर्गातही कधी सुचलं नव्हतं.

पुढं पाण्याच्या चारीजवळ, ओल्या मातीत, खुरांच्या शेजारी माणसाच्या चपलांचे ठसे! म्हणजे मालक बरोबर होता. मुद्दाम चारलीय! तोवर मागं सोपानसकट आठ-दहा माणसं जमली होती. मग काय, तिथंच निकाल देऊन टाकला. ज्याची म्हैस असेल त्यानं सगळ्यांसमोर कबूल करायचं, सोपानची माफी मागायची आणि ज्ञानबाला आठ दिवस वैरण पोचवायची.

माग विहिरीला वळसा घालून, लिंबाखालनं एका गोठ्यात शिरला. गोठा ओळखीचा वाटला. म्हैसही. आमची चंद्री दावणीला निवांत रवंथ करत होती आणि सगळी माणसं माझ्या चपलांकडं बघत होती.

खरं सांगू? माझं मन टोचायच्या आधी वकिलीच करायला लागलं. म्हैस माझी कुठं, बायकोची आहे, असंसुद्धा वाटून गेलं. मग सोपानकडं नजर गेली. सकाळपासनं एक उलटा शब्द बोलला नव्हता तो. माझी मान खाली गेली.

"सोपान, चुकलं माझं," मी हात जोडले. "म्हैस माझीच आहे. वैरण आजपासनं पोचवतो. पण मी तिला सोडली नाही रे, शपथ."

तेव्हा ज्ञानबानं गोठ्याच्या दारातल्या ठशात आपली चप्पल ठेवली. तंतोतंत बसली. पहाटे त्याला चंद्री घासात दिसली होती. तुटक्या दाव्यानिशी, ओला घास जास्त खाऊन पोट फुगलेली; अशानं जनावर दगावतं. नुकसानीकडं न बघता त्यानं आधी तिला गोडेतेल पाजलं, बरं वाटेपर्यंत फिरवली आणि आणून बांधली. आम्ही नवरा-बायको तेव्हा घोरत होतो.

माझे डोळेच भरून आले. चंद्री आज जिवंत आहे ती ज्ञानबामुळं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याचे हात हातात घेऊन मी विचारलं, "अरे, मग सकाळीच सांगायचं नाही का?"

ज्ञानबा संकोचला. "तीनदा तोंड उघडलं, गुरुजी. पर तुमीच शिकवलंय न्हवं, गुरुजी बोलत असताना मधी बोलायचं न्हाय."