सहापैकी साडेपाच

बर्फवाले नाना दिसेल त्या गोष्टीला मार्क देत, आणि तेही सहापैकी. सकाळच्या चहाला चार. नळाच्या पाण्याला दोन. टांग्यातून उतरताना लुगड्याचा काठ चाकाला लागू न देणाऱ्या बाईला पाच, पण उतरल्यावर कोणी पाहिलं का म्हणून तिने इकडेतिकडे नजर टाकली तर त्यातला पाव वजा. पूर्ण सहा त्यांनी कोणाला दिल्याचं मला आठवत नाही. सगळ्या जळगावात सहापैकी मार्क देणारा तो एकच माणूस होता, आणि त्या सवयीला थोडीफार मी जबाबदार होते.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. त्यांची जळगावला बदली झाली, तेव्हा मी वसतिगृहातल्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन नुकतीच घरी आले होते. मराठीत काही बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवून बघायची, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. त्यामुळे मी खिडकीत बसत असे. खिडकीसमोर नानांचा बर्फाचा डेपो होता. भुशात पुरलेल्या लाद्या, वर ओली गोणपाटं, दारात एक लांब बाक आणि बाकाशेजारी खुर्चीत नाना. अंगात बंडी, हातात बर्फ फोडायचा टोच्या, आणि उजवा पाय सरळ पुढे ताणलेला. तो पाय गुडघ्यात वाकत नसे. येणारेजाणारे तो ओलांडून जात.

आमच्या इंग्रजी वर्तमानपत्रांची रद्दी बर्फाचे तुकडे गुंडाळायला त्यांच्याकडे जाई. हिवाळ्याचे दिवस होते, बर्फाला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून गुंडाळायचे कागद बघायला नानांना फुरसत होती. एका दुपारी त्यातलाच एक ओला कागद दोन्ही हातांत धरून ते आमच्या पायऱ्या चढून आले.

"साहेब, ही पोरगी बर्फावर उभी शे का?"

परदेशातल्या हिवाळी खेळांचा तो फोटो होता. तोकडा झगा घातलेली एक मुलगी एका पायावर तोल सांभाळून, हात पसरून उभी होती. वडिलांनी मला हाक मारली. मी खालच्या आवाजात बातमी वाचून मराठीत सांगू लागले.

"मोठ्यानं सांग, माय," नाना म्हणाले. "बर्फात राहून राहून कान गार पडले आहेत माझे."

पायांत पात्यांचे बूट घालून ही माणसं बर्फावर घसरतात, गिरक्या घेतात, आणि परीक्षक त्यांना सहापैकी मार्क देतात, हे ऐकून नाना पायरीवरच बसले. मी वाचत होते आणि ते कौतुकाने नव्हे, तर तपासनिसाच्या चेहऱ्याने ऐकत होते. फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाले, "बर्फ ताजा आहे. शिळ्या बर्फावर पाय असा बसत नाही. पोरीला पाच. बर्फाला साडेपाच."

त्या दिवसापासून रोज दुपारी मी डेपोच्या बाकावर बसून खेळांचं पान वाचू लागले. बाकावर शेजारचे कापडवाले शेठजी असत. त्यांचं घराणं मारवाडातून येऊन चार पिढ्या झाल्या होत्या. त्यांना या मार्कांचं गणितच मान्य नव्हतं.

"कोण आधी पोचला ते घड्याळ सांगतं. उडी किती लांब ते गज सांगतो," शेठजी म्हणत. "मापात येतं ते खरं. हे परीक्षक काय, चेहरा बघून भाव सांगणार!"

"शेठजी, तुम्ही कापड गजानं मोजता," नाना म्हणत. "पण बाई साडी घेते ती काय लांबी बघून? सगळ्या साड्या सारख्याच लांब."

"ते निराळं."

"निराळं कसं? तुमच्या दुकानात रोज बाया साड्यांना मार्क देतात. तुम्हाला ऐकू येत नाही इतकंच."

एकदा बातमी आली की सरावात गुडघा दुखावलेली एक मुलगी तशीच उतरली आणि पहिली आली. शेठजींनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात हिंमत! हिला सहाच्या वर सातवा द्या!" बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना टोच्याने पायाखालची माती उकरत होते.

"हिमतीला मार्क नाहीत," ते म्हणाले. "मार्क कामाला. हिमतीला द्यायला लागलात ना, तर पोरं हातपाय मोडून यायला लागतील तुमच्यापुढं."

मग त्यांनी पहिल्यांदा आपल्या पायाबद्दल सांगितलं. विशीत ते मल्लखांबावर उतरत. घोटा सुजलेला असताना एका जत्रेत ते खांबावर चढले आणि डोक्याएवढ्या उंचीवरून गुडघ्यावर आले. "लोकांनी काय टाळ्या वाजवल्या! पडलो तरी वाजवल्या. उचलून नेलं तरी वाजत होत्या. टाळ्या वाजवून लोक घरी गेले, आणि हा," त्यांनी पायावर टोच्या टेकवला, "हा माझ्या घरी आला."

बाकावरचे सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. नानांनीच आम्हाला सोडवलं. "वाच, माय, पुढे. आज वाचनाला साडेचार. पानं उलटताना घाई करतेस."

नानांना मूल नव्हतं. पुतण्या मधु त्यांच्याकडेच वाढला होता. वय बावीस, ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेल्या, शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी मिळायच्या बेतात, आणि मल्लखांबावर तर असा की बघताना आपलंच अंग हलकं वाटावं. खांबाच्या टोकावरच्या बोंडावर दोन्ही तळवे रोवून तो मयूरासन करी, तेव्हा सगळं शरीर नुसत्या मनगटांवर आडवं तोललेलं असे. नाना त्याला सव्वापाच देत आणि तो घरात गेल्यावर हळूच म्हणत, "साडेपाचचं होतं."

धुळ्याला संक्रांतीच्या सुमारास मल्लखांबाच्या स्पर्धा होत. तिथे गावागावांतला एकेक पंच बसे, आणि जळगावकडून नाना. पूर्वी पंच एकमेकांच्या कानात कुजबुजत आणि निकाल सांगत. मी वाचलेल्या बातमीत परीक्षक आपापले मार्क सगळ्यांना दिसतील असे वर धरतात, असं होतं. नानांनी पत्रामागून पत्रं लिहून धुळेकरांना ते पटवलं. पुढच्या संक्रांतीला प्रत्येक पंचाच्या हातात पाटी येणार होती. फक्त सहापैकीचा आग्रह धुळ्याने मानला नाही. "दहापैकी द्या म्हणे," नाना कुरकुरले. "दहात मार्क फार स्वस्त होतात."

धुळ्याहून एक खोचक निरोपही आला होता: काकाच पंच म्हटल्यावर पुतण्याला पाटी अपुरी पडेल, मोठी आणावी. दोन वर्षं स्पर्धेची ढाल धुळ्याकडे होती. या वर्षी ती मधु आणणार, हे जळगावात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

वडिलांना धुळ्यात काम होतं, म्हणून मीही निघाले. बस करून मंडळी पहाटेच निघाली. थंडी अशी की खिडकीची काच हाताला चावत होती. एरंडोलला चहासाठी उतरलो. शेठजींनी घरचे तिळाचे लाडू काढले, तेव्हा मधुने डावा हात पुढे केला.

"उजव्या हातानं घे रे! संक्रांतीचा तीळ आहे," शेठजी ओरडले.

"उजव्याला तेल आहे, शेठजी."

"पहाटेपासून तेल? आत्तापासून खांबावरच आहेस वाटतं!" सगळे हसले. मधुही हसला. बशीतला चहाही तो डाव्या हाताने प्यायला. बशी सांडली, त्यावर आणखी एकदा हसणं झालं. मी बाकाच्या टोकाला होते. शालीच्या आत त्याचं उजवं मनगट फडक्याने गच्च बांधलेलं होतं. बसमध्ये परत चढताना त्याने दांडी धरायला चुकून तो हात टाकला आणि त्याचे ओठ पांढरे पडले.

मी वाक्य जुळवू लागले. माझा काय संबंध? तो स्वतः सांगत नाही, तर मी कोण? आणि ढाल? या बसमधली सगळी माणसं ढालीसाठी निघाली होती. बस सुरू व्हायच्या आत मी नानांजवळ गेले. ते दुकानामागे हात धूत होते.

"नाना, मधुभाऊंचा उजवा हात..." पुढचं वाक्य जुळलंच नाही.

नानांनी माझ्याकडे बघितलं. ओले हात धोतराला पुसले. "बस, माय. गाडीत बस," एवढंच म्हणाले.

मैदान भरून गेलं होतं. पंचांच्या पाट्या वर जात, लोक आरडाओरडा करत, एक पंच तर पाटीआड तोंड लपवूनच मार्क दाखवू लागला. मधुची पाळी येण्याआधी नानांनी त्याला बाजूला घेऊन काही विचारल्याचं मी पाहिलं. मधुने हसून मान हलवली. मग त्याचं नाव पुकारलं गेलं. त्याने खांबाला हात लावून नमस्कार केला, दोन पावलं मागे आला, आणि उडी घेणार एवढ्यात नानांनी आपली पाटी वर धरली.

शून्य.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग कोणीतरी हसलं, आणि जळगावची सगळी बाजू उभी राहिली. "अहो, त्यानं अजून काही केलं नाही!" "नाना, पाटी उलटी धरली का?" शेठजी मफलर हलवत ओरडत होते. नाना खुर्चीतून उठले, पाटी तशीच छातीशी धरून, ताठ पाय ओढत खांबापर्यंत गेले, आणि त्यांनी मधुचं मनगट धरलं. जोरात नाही. नुसतं धरलं. मधु कळवळून खाली बसला. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"तुन्हा हात दुखस ना? मंग कसाले लपाडस?" नाना म्हणाले. रागावले, घाबरले की ते त्यांच्या गावच्या भाषेत जात. त्या दिवशी मला ते रागावलेले वाटले नाहीत.

ढाल धुळ्यातच राहिली. परतीच्या बसमध्ये कोणी गाणं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मनगटाच्या हाडाला चीर आहे असं सांगून प्लास्टर घातलं. मयूरासन केलं असतं तर हात कायमचा गेला असता, असंही ते म्हणाले. पण गावाला ढालीचं दुःख मोठं. बाक महिनाभर रिकामा राहिला. शेठजी डेपोसमोरून जाताना पलीकडच्या दुकानांच्या पाट्या वाचत. मधु घरात असून काकांशी बोलत नव्हता. मी मात्र रोज वाचायला जात होते. ऐकणारे एकटे नाना.

शेवटी शेठजींनाच राहवलं नाही. एके दिवशी ते बाकावर येऊन बसले. "ते असो. पण तुम्हाला कळलं कसं? आम्ही सगळे बरोबर होतो. कोणाला दिसलं नाही!"

मी पान उलटायची थांबले. माझे कान तापले होते.

"शेठजी, बर्फवाला आहे मी," नाना म्हणाले. "लादीला बाहेरून काही नसतं. तडा आतून दिसतो मला." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाच, माय."

ही गोष्ट गावभर झाली. नानांना तडा दिसतो! लोक दुखरे खांदे, सुजलेली बोटं घेऊन डेपोवर येऊ लागले. नाना गंभीरपणे बघत, बर्फाचा खडा देत आणि डॉक्टरकडे पाठवत. मधुचं प्लास्टर निघालं, त्याला शाळेतली नोकरी लागली. पहिल्या दिवशी फळ्यावर एका दमात गोल काढून तो घरी आला आणि काकांच्या ताठ पायाशी बसून बराच वेळ उगाच भुसा चाळत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात आमची बदली झाली. नाना स्टेशनवर आले ते गोणपाटात गुंडाळलेली अख्खी लादी घेऊन. "डब्यात पंख्याखाली ठेवा. मनमाडपर्यंत गारवा राहील." गाडी हलायच्या आधी मी, माझ्या मानाने फार मोठ्या आवाजात, विचारलं, "नाना, माझ्या वाचनाला किती?"

"साडेपाच."

"अर्धा कुठे गेला?"

"तो माझ्याकडे ठेवलाय. दुसऱ्याचं लिहिलेलं तू झकास वाचतेस. स्वतःचं मोठ्यानं सांगशील, तेव्हा घेऊन जा." गाडी सुरू झाली. ते तशा पायाने डब्याबरोबर चार पावलं चालले.

घेऊन जायला मी गेले नाही. गेल्या महिन्यात मधुभाऊंचं पत्र आलं. नाना गेले. झोपेतच गेले. पत्र त्यांच्या ठसठशीत, उजव्या हाताच्या अक्षरात होतं. शेवटी लिहिलं होतं, "काकांची ती नजर आता कोणाकडे नाही. त्यांना तडा आतून दिसला नसता, तर आज हे पत्र मी कोणाकडून तरी लिहून घेतलं असतं."

मी उत्तराला बसले. सांत्वनाच्या चार ओळी लिहिल्या, त्या वाचल्या आणि फाडून टाकल्या.

मधुभाऊ, नानांना तडा दिसला नव्हता. एरंडोलला चहाच्या दुकानामागे मी त्यांना सांगितलं होतं. तुम्ही, शेठजी, सगळं गाव त्यांच्यावर रुसलं, तेव्हा मी समोर बसून दुसऱ्यांच्या बातम्या वाचत होते, आणि त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही.

नाना, सांगितलं. मोठ्याने सांगितलं. आता माझा अर्धा द्या.