व्यपगत म्हंजे काय?

‘मले समजलं नाही’ हे भर सभेत, मान ताठ ठेवून सांगणारा आमदार साऱ्या महाराष्ट्रात एकच होऊन गेला असेल, आणि तो आमच्या वाट्याला आला होता. मी त्यांना काका म्हणे, बाकी सारे भाऊ; सख्खे काका नव्हेत, वडिलांचे दोस्त. शिक्षण चौथी. निवडून आल्यावर सरकारी कागद वाचून दाखवायला त्यांना माणूस हवा होता. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिला मीच, आणि मी तर थेट बीए होऊन परतलो होतो. त्या दिवसापासून काकांनी मला नावाने हाक मारणं सोडलं. “बीए, इकडं ये.” “बीए, कागद आण.” बाजारात कुणाशी ओळख करून देताना “हा आपला बीए” म्हणत ते माझ्या पाठीवर असा हात ठेवायचे, जसा नवीन बैलजोडी घेतलेल्या माणसाने बैलाच्या पाठीवर ठेवावा. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

काकांची कचेरी एसटीत होती. बंगल्यावर यायला लोकांना फुरसत नाही, पण एसटीत तर सारेच बसतात, असा त्यांचा हिशेब. पांढरकवडा ते यवतमाळ मागच्या लांब बाकावर बसून ते एकेकाची तक्रार ऐकत आणि मी मांडीवर फळी ठेवून अर्ज लिहीत असे. एकदा लोहाऱ्याला एका म्हाताऱ्याचा उतरायचा थांबा आला आणि त्याचा विहिरीचा अर्ज अर्धाच झाला होता. काकांनी गाडी थांबवून ठेवली. कंडक्टर म्हणाला, “भाऊ, गाडीचा टाइम होऊन राह्यला.” काका म्हणाले, “टाइम सरकारचा हाये ना? मंग सरकारलेच पत्र लिहून राह्यलो आमी. बस जरा.” कंडक्टर बसला. अर्ज पुरा झाल्यावर त्यानेही आपल्या बदलीचा एक लिहून घेतला.

पैशाअडक्याच्या कायद्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. लोकांचा पैसा जो सांभाळायला घेतो, त्याने लोकांत राहिलं पाहिजे. ज्याचं घर पाहिलं नाही, त्याच्यापाशी ठेव ठेवायची नाही. यवतमाळला एका बँकेत नवे मॅनेजर आले, तेव्हा काका खातं उघडायला गेले आणि आधी तुमच्या घरी घेऊन चला म्हणून हटून बसले. बिचारे घेऊन गेले. काकांनी चहा घेतला, माठातलं पाणी पिऊन पाहिलं, आणि मॅनेजरांच्या बायकोला विचारलं, “बाई, हे बाजारात गेले का सांगतलेलं सारं आणते, का विसरते?” बाई म्हणाल्या, मीठ सोडून सगळं आणतात. “चालते,” काका म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खातं उघडलं.

दुसरं मत असं, की ठेवीचा कागद भरबाजारात मोठ्याने वाचला गेला पाहिजे, आणि भाजी विकणाऱ्या बाईला तो समजला पाहिजे. तिला समजला नाही तर तो कायदा रद्द. हे ते बाजारात बोलत तोवर ठीक होतं. नागपूरच्या अधिवेशनात सहकारावरचं एक बिल आलं, मी वर गॅलरीत बसलो होतो, आणि काका उभे राहून म्हणाले, “अध्यक्षमहाराज, मले हे बिल समजलं नाही. मंत्रीसाहेबानं आमच्या बाजारच्या भाषेत सांगावं.” सभागृह हसलं. माझ्या शेजारी शहरातली दोन कॉलेजची पोरं होती, तीही हसली. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. नाडी सुटलेली नव्हती. ‘मले’, ‘तुले’ माझ्या जिभेवरून मी कॉलेजात घासून काढलं होतं, आणि काका भरसभेत तेच घेऊन उभे. परतताना काकांनी विचारलं, “कसं झालं रे बीए?” मी म्हणालो, “चांगलं झालं.”

मग ती कंपनी आली. नागपूरची म्हणत. दर आठवडी बाजाराला एक रुपया भरायचा, तीन वर्षांनी दीडपट घ्यायचा. एजंट गोड बोलणारा, त्याने काकांनाच बाजारात बोलावलं. काकांनी अट घातली, आधी कागद वाचायचा. वडाखाली बायका जमल्या. पुढे तांड्यावरची चंपाबाई बसली होती, चिंच आणि जवस विकायची. काकांनी तिला “राम राम याडी” म्हटलं, याडी म्हणजे बंजारा बोलीत आई, आणि मला म्हणाले, “वाच बीए.”

महाराष्ट्र झाल्यावर कागद मराठीत आले होते, पण ती मराठी कुणाच्या घरात बोलली जात होती देव जाणे. मी ठसक्यात वाचत होतो, एकेक कलम सोपं करून सांगत होतो. नवव्या कलमात होतं: सलग तीन हप्ते चुकल्यास ठेव व्यपगत होईल.

“थांब,” काका म्हणाले. “व्यपगत म्हंजे काय?”

मला माहीत नव्हतं. बीएला माझा विषय मराठीच होता आणि तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. चंपाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. समोर माझ्या वर्गातले, चौथीत नापास झालेले दोघं उभे होते. मी म्हणालो, “म्हणजे पुढे ढकलली जाईल. पैसे उशिरा मिळतील.”

एजंट पावतीपुस्तकाची पानं चाळत राहिला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग बायकांकडे वळून म्हणाले, “ऐकलं ना? हप्ता चुकला त पैसा बुडत नाही, उशिरा भेटीन.” त्या दिवशी शंभरावर अंगठे उठले.

पुढच्या श्रावणात नाले भरले. तीन बाजार तांड्यावरून कुणाला येता आलं नाही. चौथ्या बाजाराला चंपाबाई रुपया घेऊन गेली, तेव्हा एजंटने नववं कलम दाखवलं. व्यपगत म्हणजे संपलेली. गेलेली. मी यवतमाळला एका वकिलाकडे जाऊन विचारलं, त्यांनी कोशात बोट ठेवून दाखवलं. सारं कायद्यात बसत होतं.

काका गावोगाव, तांड्यातांड्यावर फिरले आणि प्रत्येक दारात एकच बोलले: “माह्याच सांगण्यात चूक झाली.” अशा कंपन्यांवर सरकारची नजर हवी, कागद बाजारात वाचून घेण्याचा नियम हवा, असं विधानसभेतही मागितलं. विचार करू, असं उत्तर आलं. पुढच्या निवडणुकीत विरोधकाने सभेत विचारलं, “भाऊ, चंपाबाईची ठेव कुठी गेली?” काका उठून म्हणाले, “माह्या सांगण्यानं गेली.” मी मंचावर त्यांच्या शेजारी बसलो होतो, इस्तरीचा सदरा घालून. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोललो नाही. काका पडले.

मला पुढे यवतमाळला मास्तरकी लागली. काका आजारी आहेत कळलं तेव्हा केळापूरकडे त्यांच्या घरी गेलो आणि एकदाचं सांगून टाकलं, की मला तो शब्द येत नव्हता.

“मले तवाच समजलं होतं,” ते म्हणाले. “येत असता त तू उत्तराले येवढा टाइम लावला नसता.”

“मग तुम्ही बोलले काहून नाही?” किती वर्षांनी माझ्या तोंडून ‘काहून’ निघालं.

काका म्हणाले, “साऱ्या बाजारात आपल्या बीएले खाली पाहाले लावू कसा? म्या म्हटलं, असन बरोबर. एवढं शिकला, असन. चूक माहीच हाये बाबू. सांगतली ते खोटी नाही सांगतली.” मग म्हणाले, “पण तू एकडाव तिच्याकडं जाजो.”

मी गेलो, पण काका गेल्यानंतर. चंपाबाई त्याच बाजारात होती, पोतं पसरून. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं, की त्या दिवशी चुकीचं मी सांगितलं होतं, काकांनी नाही. तिने तराजू खाली ठेवला.

“तू कायले आपल्या अंगावर घेऊन राह्यला?” ती म्हणाली. “भाऊ सोता माह्या दारात येऊन सांगून गेले, का चूक त्याइची होती. भाऊ खोटं बोलत नव्हते, मास्तर.”

मी पुन्हा सांगितलं. ती हसली, मायेने, जसं हट्टी लेकराला हसावं. गेलेल्या माणसावरचा बोल आपल्या अंगावर घ्यायला आलेला चांगला पोरगा, असं काहीतरी तिच्या मनात असावं. तिच्यापुढे काकांना खोटं पाडल्याशिवाय मला खरं ठरता येत नव्हतं, आणि त्यांना खोटं म्हणायला माझी जीभ रेटेना. तिने मला पावशेर चिंच बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. भाऊंच्या माणसाकडून घेत नाही म्हणाली.