लिंबाकडे जाणारी नळी

गावात कुणाचंही वॉशिंग मशीन अडलं की म्हाताऱ्या क्लॅरीला बोलावणं जायचं. शनिवारी मात्र त्याच्याच मशीनमधलं पाणी बाहेर पडेना. मी शेजारचा, मदतीला गेलो. शिव्या घालत त्यानं पंप उघडला, तर तो स्वच्छ. नळी ओढली, तर ती हलेना.

दुष्काळात धुण्याचं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्याच्या बायकोनं, नोलानं, ती नळी पडवीतून लिंबाच्या बुंध्याशी सोडली होती. पुढे नोला वारली. झाडाची मुळं आता नळीत शिरली होती.

“सांगत होतो बाईला, गटारात सोड म्हणून!” क्लॅरी खेकसला.

“मग आता सोडू या का गटारात?” मी विचारलं.

“हात तर लावून बघ!”

त्यानं चोंदलेलं टोक कापलं. उरलेली नळी बुंध्यापर्यंत पुरेना. तेव्हा त्या हट्टी माणसानं अख्खं मशीनच झाडाकडे ढकलत नेलं.