भात राहेलमावशीचा, बोल मल्हारीला

कारेगावात कंपनीच्या पोरांची खानावळ चालवणाऱ्या राहेलमावशीला एकाच गोष्टीचा अभिमान होता. बारा वर्षांत तिच्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलं नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी पोरं फोडणीचा भात खाऊन फर्स्ट शिफ्टला गेली. आदल्या रात्रीचा तो भात झाकलेल्या पातेल्यात ओट्यावरच राहिला होता. मावशीनं तो खरपूस परतून, वाफ काढून वाढला. दहा वाजता मशीनवरच उलट्या सुरू झाल्या. सात जण. नागसेनला तर सलाईन लावावं लागलं.

"पाणीच खराब होतं," कुणीतरी म्हणालं. पोरांनी जारवाल्या मल्हारीचा टेम्पो अडवून सगळं पाणी रस्त्यावर ओतलं. मावशी दारातून बघत राहिली. तिलाही तेच खरं वाटलं, म्हणजे वाटून घेणं सोयीचं होतं.

चौथ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या अनुपमा मॅडम आल्या. तपासणीत पाणी चांगलं निघालं होतं. त्यांनी भाताचं विचारलं.

"चांगला उकळलेला हाय मॅडम, वरनं परतलाय. जंतू राहत्यात कुठं?"

"काही राहतात, मावशी. वाईट वेळ आली की कवच करून झोपतात, उकळीतही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की जागे होतात, वाढतात, विष सोडतात. ते विष परतून जात नाही. उरलेला भात पसरून निववायचा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा."

फ्रिजमध्ये जागा होती. त्या रात्री पाय दुखत होते, म्हणून मावशीनं पातेलं उचललं नव्हतं.

मॅडम गेल्या. त्यांचं बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. दोन दिवस मावशी गप्प राहिली. मल्हारीचा टेम्पो उभाच होता. जेवणाआधीची प्रार्थना तिच्या ओठांवर येईना. रविवारी ती चर्चला गेलीच नाही, सरळ मल्हारीच्या दारात गेली.

"मल्हारीभाऊ, तुमचं पाणी चांगलं व्हतं. भात माझा व्हता. आन् मला कळल्यालाही दोन दिस झाले."

मल्हारीनं हातातला रिकामा जार खाली ठेवला. मग म्हणाला, "मला काय सांगताय? त्यांना सांगा."

दुपारी भरल्या पंगतीत तिनं सांगितलं.  चार पोरं दुसऱ्या दिवसापासून आली नाहीत. नागसेन आला. "चपाती द्या मावशी, भात नको," एवढंच बोलला.

मल्हारी पुन्हा जार टाकू लागला. पूर्वी तो चहाला टेकायचा. आता जार दारात ठेवतो आणि निघतो. मावशी आत कप विसळत राहते. त्याला हाक मारायचा धीर तिला अजून झालेला नाही.